खासगी या शब्दाचें मोल

या मासिकाच्या परीक्षण-विभागांत पुस्तकाखेरीज दुसऱ्या वस्तूस सहसा प्रवेश नसतो, आणि तो नसावा हेंच योग्य आहे. तेव्हां आज ज्या वस्तूसंबंधानें मी लिहिणार आहें तिला पुठ्ठा नाहीं, पृष्ठसंख्या नाहीं आणि छापील किंमतहि नाहीं, हें प्रथमच कबूल करून टाकतों. ती वस्तु म्हणजे ब्राउझर. आमच्या पिढीला ग्रंथालयाच्या कपाटाची जी किल्ली होती ती आजच्या विद्यार्थ्याच्या हातीं या रूपानें आली आहे. नांदेडास माझ्या वर्गांतील मुलें शेक्सपिअरचें नाटक वाचतात तें याच खिडकींतून. आणि वर्तमानपत्र, कीर्तन, सोयाबीनचा भाव, परीक्षेचा निकाल हें सर्वहि त्याच खिडकींतून. वाचनाचीं सर्व साधनें अशीं एका ठिकाणीं एकवटलीं असतां, तें साधन वाचकाशीं कसें वागतें हा प्रश्न वाङ्मयाच्या कक्षेबाहेरचा आहे असें मला वाटत नाहीं. शिवाय या साधनाबरोबर पुष्कळसें गद्यहि येतें. सूचना, अटी, आश्वासनें, धोरणें. हें गद्य आज मराठींतहि उपलब्ध आहे. तें लक्षावधि लोकांच्या डोळ्यांपुढून जातें आणि जवळजवळ कोणीच वाचीत नाहीं. असल्या गद्याचें परीक्षण करण्याचा प्रसंग टीकाकारावर क्वचित् येतो; तो माझ्यावर कसा आला हें सांगितल्यावांचून पुढें जातां येणार नाहीं.

माझें घर लातूरचें आणि नोकरी नांदेडची. लोहा, अहमदपूर, चाकूर या रस्त्यानें शनिवारीं जावें आणि सोमवारीं पहांटे परतावें, हा माझा गेल्या पंचवीस वर्षांचा क्रम आहे. लातूरच्या घरीं आई असते. ती प्राथमिक शाळेंत शिक्षिका होती, आतां ऐंशीच्या घरांत आहे, आणि फोनवर कीर्तन ऐकण्याचा तिचा नित्यनेम आहे. दोन वर्षांपूर्वीं माझी थोरली बहीण, आम्ही तिला अक्का म्हणतों, हिच्या छातींत गांठ निघाली. तपासणी झाली, उपचार ठरले. आईला हें सांगावयाचें तें आपण स्वतः, पहिला उपचार पार पडल्यावर, समोर बसून सांगूं, असें अक्कानें ठरविलें होतें आणि आम्हां सर्वांकडून तसें वचन घेतलें होतें. त्या शनिवारीं रात्रीं माझा फोन बंद पडला होता. मीं आईचा फोन घेऊन त्या रोगासंबंधीं तासभर वाचन केलें. उठतांना काय काय उघडलें होतें त्याची नोंद फोनमधून काळजीपूर्वक पुसून टाकली. आपण शहाणपणा केला असें मला वाटलें.

चार-पांच दिवसांनीं आईचा नांदेडला फोन आला. "काय रे, घरांत कुणाला गांठ आलीय का? मला सांगत नाहींत तुम्ही." तिच्या कीर्तनाच्या शेजारीं शस्त्रक्रियेच्या आणि रुग्णालयांच्या जाहिराती दिसूं लागल्या होत्या. शिक्षिकेचा पेशा केलेली बाई. एक जाहिरात सहज आली आणि सहा जाहिराती मागून येत राहिल्या यांतील फरक तिला कळतो. मला खोटें बोलतां आलें नाहीं. अक्काला हें समजलें तेव्हां ती रागावली नाहीं, एवढेंच म्हणाली, "माझं दुखणं होतं, मीच सांगायला पाहिजे होतं." तें वाक्य मला अजून टोंचतें.

त्या रात्रीं हातांत कोणता ब्राउझर होता आणि त्या जाहिराती कोणी धाडल्या हें मी लिहीत नाहीं. दोष कोणा एकाच्या पदरांत बांधतां येईल इतका पुरावा माझ्यापाशीं नाहीं, आणि हा रिवाज कोणा एकाचा नसून सबंध पेठेचा आहे. तो कसा चालतो हें समजून घ्यावें म्हणून मीं वाचावयास प्रारंभ केला, आणि त्या वाचनाचा परिणाम म्हणजे हा लेख.

लातूरची गंजगोलाई ज्यांनीं पाहिली आहे त्यांना हा रिवाज समजावयास वेळ लागणार नाहीं. मध्यभागीं वर्तुळाकार इमारत, आणि तिच्याभोंवतीं सोळा रस्ते फुटलेले. एका रस्त्यावर सोनेंचांदी, दुसऱ्यावर कापड, तिसऱ्यावर भांडीं, चौथ्यावर किराणा. आतां अशी कल्पना करा कीं, प्रत्येक दुकानदार आपल्या वहींत आपल्या गिऱ्हाइकाचें खातें ठेवतो. त्यांत वावगें कांहीं नाहीं; उधारीचा व्यवहार त्यावांचून चालत नाहीं. १९९४ सालीं नेटस्केप या संस्थेंतील लू माँट्युली या तरुण गृहस्थानें 'कुकी' नांवाची जी लहानशी चिठ्ठी शोधून काढली ती मुळांत अशीच होती. दुकानाला गिऱ्हाईक ओळखतां यावें, एवढाच तिचा उपयोग. पण पुढें असें झालें कीं, गोलाईच्या मध्यभागीं बसलेल्या एका मुनिमानें सोळाहि रस्त्यांवरील दुकानांत आपला एकेक पोऱ्या नेमून ठेवला. दुकानदारानेंहि त्याला बसूं दिलें, कारण त्याच्या बदल्यांत जाहिरातीचे पैसे मिळत. तुम्ही कापडाच्या दुकानांतून निघून औषधाच्या दुकानांत शिरलां, तेथून वकिलाकडे गेलां, तर त्या तिघांनाहि एकमेकांची वार्ता नाहीं. पण मध्यें बसलेल्या मुनिमाच्या खतावणींत तुमचें पान पुरें होत असतें. परकी कुकी म्हणतात ती हीच. इंग्रजी वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला येथें बेंथॅमच्या वर्तुळाकार तुरुंगाची आठवण होईल. फरक एवढाच कीं, बेंथॅमच्या कैद्याला आपण पाहिले जात आहों याची जाणीव सतत असावी, ही त्या योजनेची मुख्य मेख होती. येथें ती जाणीव नसण्यावर सर्व भिस्त आहे.

आतां परीक्षणाकडे वळूं. समोर दोन कृति आहेत. एक गूगलचा क्रोम. जगांतील वाचकांपैकीं सुमारें दोनतृतीयांश लोक तो वापरतात. दुसरी मोझिलाचा फायरफॉक्स. त्याचा वाटा आज शेंकडा दोनचारांच्या आसपास घोटाळतो. एकेकाळीं इंटरनेट एक्स्प्लोररच्या एकछत्री राज्याला २००४ सालीं निघालेल्या याच फायरफॉक्सनें आव्हान दिलें होतें, ही गोष्ट माझ्या विद्यार्थ्यांना सांगितली तर ती त्यांना पानिपताइतकी जुनी वाटते.

क्रोमचे गुण प्रथम सांगितले पाहिजेत. तो २००८ च्या सप्टेंबरांत बाहेर आला त्या वेळीं त्याची ओळख करून देण्यासाठीं गूगलनें स्कॉट मॅक्लाउड या अमेरिकन चित्रकथाकाराकडून एक चित्रकथा करवून घेतली होती. ती मीं अलीकडे वाचली, आणि शास्त्रीय विषयाच्या सुबोध विवेचनाचा नमुना म्हणून ती वर्गांत दाखवावी इतकी ती चांगली आहे. एक पान कोसळलें तर बाकीचीं पानें त्याच्याबरोबर कोसळूं नयेत म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र बिऱ्हाड कां दिलें, दुष्ट हेतूनें लिहिलेलें पान घरभर हिंडूं नये म्हणून त्याला चौकटींत कसें कोंडलें, हें सर्व त्या चित्रांतून शाळकरी मुलालाहि कळावें. आणि तें नुसतें सांगितलें नाहीं, तें खरेंहि होतें. चोरापासून घर राखण्याच्या कामांत क्रोम आजहि कोणापेक्षां कमी नाहीं, असें जाणत्यांचें मत आहे. मग असें असतां, घरांतील माहिती घरमालकच्या परवानगीनें बाहेर कोण नेतो हें सांगण्याची वेळ आली कीं तीच लेखणी एवढी जड कां होते? त्या विषयावर चित्रकथा कां निघाली नाहीं?

गूगलचें गोपनीयता-धोरण दुर्बोध आहे असें म्हणणें मात्र अन्यायाचें होईल. तें मी अथपासून इतिपर्यंत वाचलें आहे. वाक्यें लहान आहेत, उदाहरणें दिलीं आहेत, पूर्वीच्या आवृत्त्या ताडून पाहण्याची सोयहि ठेवली आहे; आमच्या कित्येक पाठ्यपुस्तकांपेक्षां तें बरें. परंतु या जातीच्या सर्व गद्याचा एक दोष त्यांतहि आहे. त्यांत 'शकतों' या क्रियापदाला विश्रांति म्हणून नाहीं. आम्ही गोळा करूं शकतों, आम्ही वापरूं शकतों, आम्ही जोडूं शकतों. शक्यतेच्या या प्रयोगांत काय होतें आणि काय होत नाहीं यांची सीमारेषाच विरघळून जाते. वाचक शेवटीं पोहोंचतो तेव्हां त्याच्या हातीं एकहि निश्चित विधान राहिलेलें नसतें. राहतें तें 'मला मान्य आहे' असें बटण. आमच्या शेजारच्या ब्रिटिश मुलखांत १८७५ सालीं सुप्याच्या शेतकऱ्यांनीं सावकारांचीं खतें जाळलीं, आणि चार वर्षांनीं सरकारनें कायदा करून पुणें, सातारा, नगर व सोलापूर या चार जिल्ह्यांत शेतकऱ्याचें खत निबंधकासमोर झालें पाहिजे असें ठरविलें. कारण न वाचतां उठविलेला अंगठा ही संमति नव्हे, एवढें त्या सरकारलाहि कळलें होतें. आमच्या संसदेनें वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ सालीं केला, त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरांत प्रसिद्ध झाले. संमति स्पष्ट व माहितीपूर्वक असावी असें तोहि म्हणतो. अंमल कसा होतो तें दिसेलच.

तथापि माझा मुख्य आक्षेप धोरणाच्या भाषेवर नाहीं. तो एका शब्दावर आहे. क्रोममध्यें एक खिडकी अशी उघडतां येते कीं तिच्यांतून वाचलेल्याची नोंद त्या यंत्रावर राहत नाहीं. मराठींत तिला 'गुप्त' असें नांव दिलें आहे. फायरफॉक्समधील तशाच खिडकीला 'खाजगी' म्हटलें आहे. दोन्ही खिडक्यांचें मूळ काम एकच. पण शब्द निवडतांना अनुवादकांनीं, त्यांच्या नकळत असेल, दोन निराळीं तत्त्वज्ञानें निवडलीं आहेत.

गुप्त म्हणजे लपविलेलें. गुप्तहेर, गुप्तधन, गुप्तरोग. या शब्दाच्या सोबतींत सज्जन मनुष्य संकोचतो. गुप्त खिडकी उघडणारा मनुष्य कोणापासून तरी कांहीं लपवीत आहे हें त्या शब्दानेंच गृहीत धरलें. आणि लपवितो कोणापासून? तर घरांतल्यांपासून. बायकोपासून, मुलांपासून, त्याच फोनवर कीर्तन ऐकणाऱ्या आईपासून. बाहेरच्या मुनिमापासून लपविण्याची हमी त्या शब्दांत नव्हती. पण ती आहे असें लोकांनीं मानलें. मीं त्या रात्रीं फोनमधील नोंद पुसून जें केलें तें या मानण्याचेंच बाळबोध रूप होय. अमेरिकेंत कॅलिफोर्नियाच्या न्यायालयांत २०२० सालीं यावरून गूगलवर दावा झाला. दावा निराधार आहे असेंच गूगलचें म्हणणें होतें. परंतु २०२४ सालीं जी तडजोड पुढें आली तींत, या गुप्त खिडकींतून जमलेल्या अब्जावधि नोंदी नष्ट करण्याचें गूगलनें मान्य केलें, आणि त्या खिडकीवरील सूचनेचा मजकूरहि बदलण्यांत आला. तुम्ही ज्या संकेतस्थळांना भेट देतां तीं आणि ज्यांच्या सेवा तीं वापरतात ते, गूगलहि त्यांतच, जी माहिती घेतात तींत या खिडकीनें फरक पडत नाहीं, असें आतां तेथें म्हटलें आहे. एका वाक्याची दुरुस्ती होण्यास खटला लागावा, याहून गद्याचें महत्त्व सिद्ध करणारा दाखला टीकाकाराला दुसरा कोणता हवा?

'खासगी', लोक बोलतांना आणि लिहितांना त्याचें 'खाजगी' करतात, हा शब्द निराळ्या घराण्यांतला. मूळ अरबी 'खास'. पेशवाईंत होळकरांकडे दौलत आणि खासगी असे दोन वेगळे हिशेब असत. १७३४ सालीं मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नांवें जी जहागीर मिळाली ती खासगीची, आणि पुढें अहिल्याबाईंचा दानधर्म झाला तो त्या खासगींतून. खासगीचा हिशेब दौलतीला द्यावा लागत नसे. म्हणजे या शब्दांत लाज नाहीं, लपवाछपवी नाहीं; स्वामित्व आहे. ही वस्तु माझी, हिचा जाब मला कोणी विचारूं नये, एवढाच त्याचा अर्थ.

आम्हां मराठवाड्यांतील लोकांना या शब्दाचें आणखी एक रूप परिचयाचें आहे. निजामाच्या राज्यांत सरकारी मुलुख तो दिवाणी, आणि खुद्द निजामाच्या जातीच्या मालकीचा मुलुख तो सर्फ-ए-खास. १९४९ च्या फेब्रुवारींत तो दिवाणींत विलीन झाला तोंपर्यंत त्याच्या उत्पन्नाचा हिशेब प्रजेला विचारतां येत नव्हता. त्याच राज्यांत प्रजेला मात्र 'खास' असें कांहींच नव्हतें. गश्ती निशाण त्रेपन्न या हुकुमाखालीं साध्या सभेलाहि आधीं परवानगी लागे. कोण बोलणार, काय बोलणार, याची चौकशी होई. आमच्या घरांतील वडील मंडळी त्या दिवसांच्या गोष्टी सांगतांना आवाज खालीं आणीत, आणि तो स्वातंत्र्यानंतर तीस-तीस वर्षांनींहि खालींच राही. राजाचें तें खास आणि प्रजेचें तें उघडें, ही ती व्यवस्था. आजच्या पेठेंत कंपनीचें गणित हें 'व्यापारी गुपित' ठरतें आणि गिऱ्हाइकाच्या बहिणीचा आजार ही 'माहिती' ठरते, तेव्हां शब्द बदलले तरी व्यवस्था फारशी बदललेली दिसत नाहीं.

हा हक्क प्रजेचाहि आहे असें आमच्या सर्वोच्च न्यायालयानें निःसंदिग्ध शब्दांत सांगावयास २०१७ साल उजाडावें लागलें. १९५४ च्या शर्मा खटल्यांत आठ न्यायमूर्तींनीं आणि १९६२ च्या खरकसिंग खटल्यांत सहांनीं तो हक्क घटनेंत दिसत नाहीं असें म्हटलें होतें. अपराध सिद्ध न झालेल्या माणसाच्या दारावर पोलिसांनीं रात्रीं थाप मारावी कीं नाहीं, असा खरकसिंगचा प्रश्न होता. २४ ऑगस्ट २०१७ रोजीं पुट्टस्वामी खटल्यांत नऊ न्यायमूर्तींनीं एकमतानें ते निर्णय त्यापुरते दूर सारले. मुख्य निकालपत्र धनंजय चंद्रचूड यांचें. त्यांत त्यांनीं १९७६ च्या जबलपूर खटल्यांतील बहुमताचा निर्णयहि चुकीचा ठरविला, आणि त्या बहुमतांत त्यांचे वडील यशवंतराव चंद्रचूड होते. एका मराठी घराण्यांत चाळीस वर्षांच्या अंतरानें घडलेला हा वाद आमच्या एखाद्या नाटककाराच्या नजरेंतून कसा सुटला याचें मला आश्चर्य वाटतें. असो. निकालानें हक्क दिला तो प्रामुख्यानें सरकारविरुद्ध. पेठेंतील मुनिमापासून संरक्षण करण्यासाठीं कायदा करा, असें सांगून न्यायालय थांबलें.

तेव्हां निवडीचा प्रश्न पुन्हां वाचकाकडेच येतो. आणि येथें मला जें निर्णायक वाटलें तें धोरण नव्हे, आश्वासन नव्हे, मूळची मांडणी. ब्राउझर हातीं येतो तेव्हां, कांहींहि न बदलतां, तो कोणाच्या बाजूनें उभा असतो? हजारांतील नऊशें नव्वद लोक ती मांडणी कधींच बदलीत नाहींत. माझी आई बदलणार नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर माझे सहकारी प्राध्यापकहि बदलणार नाहींत. फायरफॉक्सनें २०१९ सालापासून माग काढणाऱ्या परक्या कुकीजना मूळ मांडणींतच बंदी केली, आणि २०२२ पासून प्रत्येक दुकानाची चिठ्ठी त्या दुकानापुरत्याच बरणींत बंद ठेवण्याची व्यवस्था केली. अ‍ॅपलच्या सफारीनें हें काम २०१७ पासून आरंभिलें आणि २०२० मध्यें पुरें केलें. पण सफारीसाठीं अ‍ॅपलचें यंत्र घ्यावें लागतें, आणि मराठवाड्यांत तें किती घरांत आहे?

क्रोमनें २०२० च्या जानेवारींत जाहीर केलें कीं, दोन वर्षांत परकी कुकी आपणहि हद्दपार करूं. मग मुदत वाढली. मग पुन्हां वाढली. २०२४ च्या जुलैंत तो बेतच मागें घेण्यांत आला. त्याऐवजीं वाचकाला निवड विचारूं असें ठरलें, आणि २०२५ च्या एप्रिलांत तीहि वेगळी विचारणा होणार नाहीं असें सांगण्यांत आलें. यांत सर्व दोष गूगलचा नाहीं हें नमूद केलें पाहिजे. परकी कुकी बंद केली तर लहान जाहिरातदार मरतील आणि गूगलचीच मक्तेदारी पक्की होईल, अशी भीति ब्रिटनच्या स्पर्धा-नियामकानें घातली होती, आणि ती निराधार नव्हती. पण या पेंचाचें मूळ कोठें आहे? खिडकी बांधणारा आणि जाहिरात विकणारा एकच आहे, यांत. मुनिमानेंच गिऱ्हाइकाला चष्मा करून दिला असेल तर त्या चष्म्यांतून मुनीम स्पष्ट दिसावा अशी अपेक्षा कोणी करावी? वॉशिंग्टनचे न्यायाधीश अमित मेहता, जन्मानें गुजरातेंतील पाटणचे, यांनीं २०२४ च्या ऑगस्टांत गूगलनें शोधयंत्राच्या व्यवसायांत बेकायदा मक्तेदारी राखल्याचा निर्णय दिला. परंतु २०२५ च्या सप्टेंबरांत उपाय सांगतांना क्रोम विकून टाकण्याची सक्ति मात्र केली नाहीं.

फायरफॉक्सचा कैवार घेतांना मला त्याचीहि झांकली मूठ उघडणें भाग आहे. मोझिला ही संस्था सार्वजनिक हिताची म्हणविते, पण तिच्या उत्पन्नाचा मोठा भाग आजवर गूगलकडूनच येत आला आहे. फायरफॉक्समध्यें मूळचें शोधयंत्र गूगलचें ठेवावें याबद्दलचा तो मोबदला. म्हणजे बंडखोराची शिधासामग्री राजवाड्यांतून येते. आणि २०२५ च्या फेब्रुवारींत मोझिलानें आपल्या प्रश्नोत्तरांतून, तुमची माहिती आम्ही कधींहि विकणार नाहीं, या अर्थाचें वचन काढून टाकलें. 'विकणें' या शब्दाची कायदेशीर व्याख्या ठिकठिकाणीं इतकी ताणली गेली आहे कीं तसें सरसकट म्हणतां येत नाहीं, असा खुलासा त्यांनीं केला. खुलासा खरा असेल. पण वचनें व्याख्येसाठीं दिलीं जात नसतात, आणि जें वाक्य सांभाळतां येणार नव्हतें तें इतकीं वर्षें मिरविलें कां, हा प्रश्न उरतोच. बाकीचे साधुहि तपासून पाहिले. ब्रेव्ह हा ब्राउझर जाहिराती अडविण्याबद्दल प्रसिद्ध. २०२० सालीं तो, वाचकानें एका चलनबाजाराचा पत्ता लिहूं लागतांच, त्याला आपली दलालीची खूण गुपचूप जोडीत असल्याचें उघडकीस आलें. त्याच्या चालकांनीं चूक कबूल करून ती काढली. डक-डक-गोच्या ब्राउझरनें मायक्रोसॉफ्टच्या कांहीं हेरांना सूट दिल्याचें २०२२ सालीं एका संशोधकानें दाखविलें. तीहि पुढें बंद झाली. सारांश, संत कोणी नाहीं. परंतु या तिन्ही उदाहरणांत पकडले जाणें हें त्यांना महागांत पडलें, कारण त्यांची सर्व पत एका शब्दावर उभी होती. ज्याच्या व्यवसायाचा पायाच माग काढण्यावर आहे त्याला तेंच पकडलें जाणें महागांत पडत नाहीं. माझ्या निवडीचें कारण एवढेंच आहे.

कांहीं मित्रांनीं स्वदेशीचा मुद्दा काढला. चेन्नईच्या झोहो कंपनीनें २०२३ सालीं उला नांवाचा ब्राउझर काढला, खासगीपणा हेंच त्याचें ब्रीद. भारत सरकारच्या ब्राउझर-स्पर्धेंत २०२५ च्या मार्चमध्यें त्याला एक कोटि रुपयांचें पहिलें पारितोषिक मिळालें. उला या तमिळ शब्दाचा अर्थ फेरी, मिरवणूक. त्या भाषेंत त्याच नांवाचा एक काव्यप्रकारहि आहे. नांव तर मला फारच आवडलें. पण तोहि क्रोमियम या गूगलप्रणीत पायावरच उभा आहे. तें गैर नव्हे, ब्रेव्हचेंहि तसेंच. मात्र माहिती कोणत्या देशाच्या मुनिमाकडे गेली यावरून अक्काच्या आजाराचें दुःख कमी झालें नसतें. उला आपल्या ब्रिदाला जागतो कीं नाहीं हें वर्षानुवर्षें पाहावें लागेल. फायरफॉक्सचा पाया स्वतंत्र आहे, आणि सर्व खिडक्या एकाच सुताराच्या होऊं नयेत असें ज्याला वाटतें त्याच्यापुढें आज दुसरा मोठा पर्याय उरलेला नाहीं.

एक आक्षेप राहिला, आणि तो सर्वांत जुना. माझे एक तरुण सहकारी म्हणाले, "सर, कर नाहीं त्याला डर कशाला?" म्हण लोकप्रिय आहे, मला ती नेहमींच संशयास्पद वाटत आली आहे. तिच्यांत असें गृहीत आहे कीं, पाहणारा न्यायी आहे आणि पाहिलें जाणारें तें एकतर निर्दोष किंवा सदोष एवढेंच आहे. अक्कानें काय केलें होतें? तिला गांठ आली होती. तिला डर नव्हता, लाज नव्हती. तिला फक्त वेळ आणि शब्द निवडावयाचे होते. तिनें ठरविलें होतें कीं, आईच्या हातांत हात घेऊन, उपचार लागू पडतो आहे हें सांगतां येईल त्या दिवशीं बोलावें. वाईट बातमी चांगल्या क्रमानें सांगणें ही एक रचना आहे. कोणत्याहि कथाकारापेक्षां घरांतील बायांना ती अधिक अवगत असते. एका यंत्रानें शेवटचें प्रकरण प्रथम वाचून दाखविलें. सहकारी यावर कांहीं बोलले नाहींत, पण त्यांचा ब्राउझर तोच आहे.

फायरफॉक्सनें सर्व साधतें अशी वाचकांची समजूत होऊं नये. फोनवर एकदां खातें उघडून आंत शिरलें कीं ब्राउझर हा अनेक दरवाजांपैकीं एकच राहतो. शिवाय अक्षरांचे ठसे, पडद्याचा आकार अशा बारीक खुणांवरून यंत्र ओळखण्याची युक्ति निघाली आहे, आणि तिला पुरें उत्तर कोणापाशींच नाहीं. टॉर नांवाचा ब्राउझर बरेंचसें देतो, पण त्याची चाल बैलगाडीची आहे. गैरसोयीहि आहेत. एका शिष्यवृत्तीचा अर्ज माझ्या ब्राउझरमध्यें उघडेचना. क्रोम वापरा, अशी सूचना तेथेंच छापलेली होती. आमच्या विभागांतील दोन यंत्रांवर मीं फायरफॉक्स बसविला, तर पहिल्या महिन्यांत विद्यार्थ्यांनीं तक्रार केली कीं येथें कांहीं लक्षांतच राहत नाहीं, दर वेळीं नव्यानें सांगावें लागतें. आईच्या फोनवरहि तो बसवून दिला. कीर्तनाचें पान तेथें थोडें उशिरां उघडतें असें तिचें म्हणणें आहे. अक्काचे उपचार गेल्या वर्षीं संपले. आतां दर सहा महिन्यांनीं तपासणी असते, आणि तिचा निकाल ती स्वतः लातूरला येऊन आईला सांगते.

क्रोम माझ्या यंत्रावर अजून आहे, त्या शिष्यवृत्तीच्या अर्जापुरता. गेल्या जूनमध्यें तो एकदां उघडला, तीन विद्यार्थ्यांचे अर्ज भरले आणि मिटून टाकला.